न बदललेल्या चार किल्ल्या

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका वाचनालयाच्या चिटणीसांचा सकाळी सकाळी फोन आला. वाचनालयाच्या ईमेलवरून देणगीदारांना पत्रे गेली होती. 'यापुढे आपली देणगी पुढील बँक खात्यात जमा करावी' असा मजकूर आणि खाली चिटणीसांचे नाव. पत्र त्यांनी लिहिलेलेच नव्हते. मी लगेच गेलो, पासवर्ड बदलला, नवा पासवर्ड चांगला लांबलचक ठेवला. दुपारपर्यंत आम्ही सगळ्या देणगीदारांना फोन केले. आता काळजीचे कारण नाही, असे मीच अनेकांना सांगितले.

नवव्या दिवशी दुसरे पत्र गेले. या वेळी ते वाचनालयाच्या खात्यातून गेले नव्हते, पण पत्ता हुबेहूब त्याच्यासारखा होता आणि मजकुरात आदल्याच दिवशीच्या पत्रव्यवहाराचा अचूक संदर्भ होता. कोणी पावती मागितली, किती रकमेची मागितली, सगळे बरोबर. नवा पासवर्ड कोणाला कळला नव्हता. मी पोचण्याआधीच चोराने खात्यात एक नियम घालून ठेवला होता : येणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत त्याच्या पत्त्यावर आपोआप जात होती. मी पुढच्या दाराला नवे कुलूप लावले आणि मागची खिडकी पाहिलीच नाही. एका देणगीदाराचे पैसे गेले. ते वाचनालयाचे जुने सभासद, निवृत्त शिक्षक. "तुम्हीच म्हणाला होतात ना, आता काळजी नाही म्हणून," एवढेच ते मला म्हणाले.

त्या वाक्यामुळे मी या विषयाकडे वळलो. संगणकशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. पण मोठ्या कंपन्यांनी आपल्यावरच्या हल्ल्यांचे स्वतःच प्रसिद्ध केलेले वृत्तान्त तेव्हापासून मी मिळतील तसे वाचत आलो. माझा प्रश्न एकच होता. संशयास्पद लॉगिन दिसल्यावर 'प्रवेश बंद केला' असे म्हणतात, तेव्हा नेमके काय बंद होते? आणि काय उघडे राहते?

कुलूप आणि पास

पूर्वी कार्यालयाची कागदपत्रे कार्यालयातच असत. चोराला आधी भिंत ओलांडावी लागे. आता ईमेल, हिशेब, पगारपत्रके, दवाखान्याच्या नोंदी असे सारे 'क्लाउड'वर, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकांवर असते आणि जगातून कुठूनही उघडता येते. भिंत उरलेली नाही. उरला आहे तो एकच प्रश्न : 'तू कोण?' त्याचे उत्तर पटले की आत जाता येते. म्हणून आजची बहुतेक मोठी चोरी घरफोडीसारखी होत नाही. चोर दुसऱ्याच्या नावाने, दारातून, नीट लॉगिन करून येतो.

हे लॉगिन चालते कसे, ते एसटीच्या मासिक पासावरून समजते. आगाराच्या खिडकीवर आपण एकदा ओळखपत्र दाखवतो, पैसे भरतो आणि पास घेतो. त्यानंतर महिनाभर कंडक्टर फक्त पास पाहतो. ओळखपत्र पुन्हा कोणी मागत नाही. क्लाउडचेही तसेच आहे. पासवर्ड आणि ओटीपी ही खिडकीवरची तपासणी. ती झाली की सेवा आपल्या ब्राउझरला एक पास देते. त्याला टोकन किंवा सेशन कुकी म्हणतात. पुढची प्रत्येक विनंती त्या पासावर चालते. दर क्लिकला पासवर्ड विचारला असता तर कोणी काम करू शकले नसते, म्हणून ही सोय.

पण पास चोरीला गेला तर? चोराला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. त्या दोन्ही गोष्टी विचारून झाल्या आहेत, हेच तर पासावर लिहिलेले असते. आणि खिडकीवरचे कुलूप बदलल्याने आधी दिलेला पास रद्द होईलच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या सेवांमध्ये असे एक प्रवेश-टोकन साधारणपणे ६० ते ९० मिनिटे चालते. खाते बंद करा, पासवर्ड बदला, तरी तेवढा वेळ आतला माणूस आत राहू शकतो. अलीकडे काही सेवांत अशी व्यवस्था आली आहे की खाते बंद होताच 'कंडक्टर'ला निरोप जातो. तीतही निरोप पोचायला पंधरा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. पंधरा मिनिटांत पुष्कळ पत्रे उतरवून घेता येतात.

म्हणून जाणकार लोक 'बंद करणे' हे एक काम मानत नाहीत. नवे लॉगिन रोखणे हे पहिले. चालू असलेली सगळी सत्रे रद्द करणे, म्हणजे वाटलेले सगळे पास बाद करणे, हे दुसरे. पासवर्ड आणि ओटीपीची साधने बदलणे हे तिसरे. ही कामे लागोपाठ, शक्य तितक्या झटपट करावी लागतात. नुसता पासवर्ड बदलून सत्र चालू ठेवले, तर आत बसलेला चोर स्वतःचा फोन 'माझा दुसरा फोन' म्हणून जोडून ठेवू शकतो आणि मग पुढचा ओटीपी त्याच्याकडे जातो. चौथे काम सर्वांत कंटाळवाणे : आत असताना त्याने काय काय मांडून ठेवले ते शोधणे. पत्रे वळवणारे नियम, परवानगी दिलेली परकी ॲप, नव्याने जोडलेले फोन, नव्याने उघडलेली खाती. वाचनालयात मी तिसऱ्यातले अर्धे काम केले होते आणि चौथ्याकडे फिरकलोच नव्हतो.

पहारेकऱ्याच्याच घरी चोरी

ही चूक फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाकडूनच होते असे नाही. २०२३ च्या शरद ऋतूत अमेरिकेत जे घडले ते याबाबतीत फार बोलके आहे.

ओक्टा ही कंपनी इतर हजारो कंपन्यांच्या दारावरचा पहारा सांभाळते. कर्मचारी ओक्टाकडे एकदा लॉगिन करतात आणि तिथून आपल्या कंपनीच्या सगळ्या क्लाउड ॲपमध्ये जातात. ग्राहकाला अडचण आली की ओक्टाचे मदतनीस त्याच्याकडून ब्राउझरच्या हालचालींची एक नोंद-फाइल मागवत. दोष शोधायला ती उपयोगी पडते. पण ब्राउझरने पाठवलेले सगळे त्या फाइलमध्ये उतरते, म्हणजे कधी कधी चालू पासही. हल्लेखोर या मदत-यंत्रणेत शिरला. ओक्टाच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये आपले खासगी गूगल खाते उघडले होते आणि मदत-यंत्रणेच्या एका खात्याचे नाव व पासवर्ड त्या खासगी खात्यात साठवले गेले होते. तिथूनच ते फुटले असावेत, असा कंपनीचा निष्कर्ष आहे. २८ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर या काळात १३४ ग्राहकांच्या फाइली हल्लेखोराने पाहिल्या आणि त्यांतल्या पासांच्या आधारे पाच ग्राहकांची सत्रे ताब्यात घेतली.

हे आधी कळले ते ग्राहकांना. २९ सप्टेंबरला वनपासवर्ड या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला ईमेल आला : तुम्ही मागवलेली ॲडमिनांची यादी तयार आहे. त्याने अशी यादी मागवलीच नव्हती. २ ऑक्टोबरला बियाँडट्रस्ट या कंपनीच्या ॲडमिनने मदतीसाठी एक फाइल ओक्टाला दिली आणि अर्ध्या तासाच्या आत कोणीतरी त्या फाइलीतला पास वापरू लागले. तिथला नियम कडक होता, त्यामुळे मुख्य फलकावर जाणारी वाट अडली. हल्लेखोराने मग त्याच पासावर यंत्रांसाठी असलेल्या आडवाटेने प्रवेश मिळवला आणि साठवणुकीच्या एखाद्या कंटाळवाण्या कामाचे वाटावे अशा नावाचे एक खोटे खाते उघडले. लक्ष ठेवणाऱ्यांनी ते खाते लगेच बंद केले. पुढचे दार बंद होते, बाजूचे उघडे होते, आणि दोन्हीकडे लक्ष ठेवणारा माणूस जागा होता म्हणून निभावले.

ओक्टाला मात्र आपल्या नोंदींत सुरुवातीला काहीच दिसेना. फाइल उघडण्याच्या दोन रीती होत्या आणि त्यांची नोंद वेगवेगळ्या प्रकारे होत होती. तपास करणारे एका प्रकारची नोंद पाहत होते, चोर दुसऱ्या रीतीने फाइली उघडत होता. १३ ऑक्टोबरला बियाँडट्रस्टने संशयिताचा आयपी पत्ता कळवला आणि त्या धाग्यावरून बाकीचे सापडले. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. आयपी पत्ता रोखणे हे कच्चे कुलूप आहे. हल्लेखोर सामान्य घरांतल्या इंटरनेट जोडण्यांआडून येऊ शकतो आणि पत्ता घटकेत बदलू शकतो. पण माग काढायला तोच पत्ता फार मोलाचा असतो. त्यामुळे पत्ता रोखण्याआधी तो लिहून ठेवावा.

हजारांतल्या चार

ज्या ग्राहकांना याची झळ लागली त्यांत क्लाउडफ्लेअर ही कंपनी होती. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची वाहतूक हिच्या जाळ्यातून जाते. सुरक्षा हाच हिचा धंदा. १८ ऑक्टोबरला तिने आपल्यावरचा हल्ला स्वतः ओळखला, प्रवेश रोखला आणि फुटलेल्या किल्ल्या बदलायला घेतल्या. अशा किल्ल्या हजारोंनी होत्या. त्यांतल्या चार राहिल्या.

त्या चारही माणसांच्या नव्हत्या. एक टोकन आणि तीन 'सर्व्हिस अकाउंट', म्हणजे एका प्रणालीने दुसरीशी बोलण्यासाठी उघडलेली खाती. आपल्याकडच्या पतसंस्थेतही अशी असतात. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेला, हिशेबाच्या ॲपला खात्यात शिरायची कायमची मुभा दिलेली असते. तिथे कोणी माणूस बसलेला नसतो, म्हणून ओटीपी विचारायचा कोणाला? आणि कोणी माणूस नसल्यामुळे 'माझे लॉगिन चालत नाही' अशी तक्रारही येत नाही. क्लाउडफ्लेअरने पुढे कबूल केल्याप्रमाणे, या चार किल्ल्या कोणी वापरत नाही असा गैरसमज झाल्यामुळे त्या बदलायच्या राहिल्या.

जवळजवळ चार आठवडे काही झाले नाही. १४ नोव्हेंबरला हल्लेखोर त्या किल्ल्या घेऊन परतला. १४ ते १७ या दिवसांत त्याने कंपनीचे अंतर्गत ज्ञानकोश आणि कामांच्या नोंदी चाळल्या. २० आणि २१ तारखेला आपली वाट अजून उघडी आहे की नाही हे तपासून गेला. २२ ला त्याने आत कायमचे ठाण मांडले आणि मूळ प्रोग्रामच्या भांडारापर्यंत पोचला. ब्राझीलमधल्या साओ पावलो इथल्या, अजून सुरू न झालेल्या डेटा सेंटरमध्ये शिरण्याचा त्याचा प्रयत्न मात्र फसला.

२३ नोव्हेंबर हा अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सणाचा दिवस होता. त्या दिवसाचा घटनाक्रम कंपनीने मिनिटांसह प्रसिद्ध केला. जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारी ३:५८ ला हल्लेखोराने त्या चारपैकी एक खाते ॲडमिनांच्या गटात घातले. ४:०० ला या बदलाचा आपोआप इशारा गेला. ४:१२ ला सुरक्षा कक्षाने तपास सुरू केला. ४:३५ ला ते खाते बंद केले. ५:२३ ला हल्लेखोराने उघडलेले दुसरे खाते सापडले, तेही बंद केले. ५:४३ ला अधिकृतपणे 'घटना' जाहीर झाली. त्याचे ज्ञात पत्ते फायरवॉलवर रोखले गेले ते रात्री ९:३१ ला. दुसऱ्या दिवशी सकाळी १०:४४ ला त्याच्या हालचालीची शेवटची खूण आहे, आणि त्याने आत ठेवलेले साधन दुपारी बाराच्या सुमारास काढले गेले.

हा क्रम पुन्हा एकदा पाहावा. इशाऱ्यानंतर पस्तीस मिनिटांत ज्ञात खाते बंद झाले होते. एवढ्यावर कोणीही 'झाले' म्हणाले असते. त्यानंतर ४८ मिनिटांनी दुसरे खाते सापडले. आणि शेवटची हालचाल त्याच्याही सतरा तासांहून अधिक काळ नंतरची आहे. 'बंद केले' आणि 'बंद झाले' यांतले अंतर एवढे असते.

पुढे क्लाउडफ्लेअरने जे केले ते दाद देण्यासारखे आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून ५ जानेवारीपर्यंत तिच्या तांत्रिक कर्मचाऱ्यांचा मोठा भाग एकाच कामाला लागला. पाच हजारांहून अधिक किल्ल्या सरसकट बदलल्या, ४,८९३ यंत्रणा तपासल्या. साओ पावलोची यंत्रे उत्पादकांकडे तपासायला परत पाठवली. त्यांत काही सापडले नाही, तरीही ती बदलली. ग्राहकांची माहिती गेली नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे. चार किल्ल्या राहिल्याची ती किंमत होती. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, कंपनीने तो आकडा लपवला नाही. चार, आणि त्या आम्हीच विसरलो, असे तिने छापून टाकले.

निरपराध माणूस दाराआड

मग संशय आला की सगळेच झटकन बंद का करू नये? कारण दाराच्या दोन्ही बाजूंना खरी माणसेही असतात.

रायगडाच्या हिरकणीची दंतकथा आपल्याला ठाऊक आहे. सूर्यास्ताला दरवाजे बंद, नियम म्हणजे नियम. दूध घालायला गडावर आलेली एक आई आत अडकली, घरी तान्हे बाळ. ती रात्री कडा उतरून गेली. या कथेत आपण आईचे धाडस पाहतो, ते योग्यच. पण गडाच्या पहाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात आणखी दोन गोष्टी आहेत. नियमाने शत्रू नव्हे, गवळण अडकली. आणि जिथून कोणी उतरू शकत नाही असे सर्वांनी धरले होते, तिथे वाट होती. कथेतल्या महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिथे बुरूज बांधला.

संशयास्पद लॉगिन ओळखण्याचा एक सर्रास नियम असा : सकाळी दहाला कोल्हापूर, दहा वाजून वीस मिनिटांनी युरोपातले एखादे शहर, म्हणजे काहीतरी गडबड. नियम बरोबर आहे. पण मोबाइल कंपनीच्या जोडणीमुळे कोल्हापूरचा माणूस मुंबईत दिसतो आणि व्हीपीएन वापरणारा परदेशात. त्याला रोखले तर कधी पगाराची यादी अडकते, कधी रुग्णाचा अहवाल. उलट, न रोखावे तर वाचनालयासारखे होते. रात्री दोन वाजता हा निर्णय घ्यायचा, तर तो त्या वेळी विचार करून घेता येत नाही. आधी ठरलेला असावा लागतो : कोणते खाते न विचारता बंद करायचे, कोणत्या खात्याच्या मालकाला आधी फोन करायचा, बंद करण्याचा अधिकार कोणाला. फोनच करायचा, ईमेल नाही, कारण ते ईमेल चोरही वाचत असतो. आणि रोखलेल्या खऱ्या माणसाला परत आत घेण्याची वाट आखलेली असावी. स्वतः ॲडमिनच बाहेर अडकू नये म्हणून आणीबाणीची किमान दोन खाती वेगळी, कुलूपबंद ठेवावीत, हा मायक्रोसॉफ्टचाही सल्ला आहे.

आपल्याकडे सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी कार्यालयांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. सहा तासांवर बरीच चर्चा झाली. मला १८० दिवस जास्त मोलाचे वाटतात. ऑक्टोबरात फुटलेली किल्ली नोव्हेंबरात वापरली जाते. ती फुटली केव्हा, हे जुन्या नोंदींशिवाय कळणार कसे?

एक पान

एवढे वाचून मला उमगले ते थोडे आहे. प्रवेश रोखण्याचे बटण सगळ्या सेवांमध्ये असते आणि ते दाबायला क्षणही लागत नाही. अवघड असते ती यादी, की हे बटण कोणाकोणासाठी दाबायचे आहे. जी किल्ली यादीत नाही ती बदलली जात नाही. आणि 'ती कोण वापरतो?' असे म्हणून आपण जी यादीत घेत नाही, नेमकी तीच चोराच्या कामाची असते.

वाचनालयात आम्ही नंतर एक पान लिहिले. ईमेलमध्ये कोण शिरू शकते? चिटणीस, ग्रंथपाल. मग आठवू लागले. वेबसाइट करून दिलेला मुलगा आता बंगळुरूला असतो, पण त्याचा ॲडमिनचा अधिकार तसाच. संगणक दुरुस्तीवाल्याला एकदा सांगितलेला पासवर्ड. वर्गणीच्या पावत्या पाठवणारे एक ॲप, जे दोन वर्षांपूर्वीच बंद पडले, त्याला दिलेली मुभा चालूच. पान भरायला दोन संध्याकाळी लागल्या. ते आता कपाटात आहे. दर सहा महिन्यांनी कार्यकारिणीच्या बैठकीत ते वाचले जाते आणि खाली सह्या होतात.

शिक्षकांचे पैसे परत आले नाहीत. सायबर तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला तोवर ते खात्यातून पुढे गेले होते. ते अजून वाचनालयात येतात, वर्तमानपत्र वाचतात, माझ्याशी बोलतात. आज कोणाचे खाते फुटले म्हणून मला बोलावणे आले, तर 'आता काळजी नाही' हे शब्द मी उच्चारत नाही. काय काय बंद केले ते सांगतो, आणि काय अजून तपासायचे राहिले आहे तेही सांगतो.